लग्न करून अमेरिकेला जाताय? जोडीदाराच्या नोकरीतला आरोग्य विमा तुम्हाला आपोआप मिळत नाही

लातूर, उदगीर, अहमदपूर, नांदेड... या भागात आता जवळपास प्रत्येक गल्लीत कुणाचा ना कुणाचा मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत आहे. इंजिनिअरिंग, मग तिकडे एमएस, मग नोकरी आणि एच-१बी व्हिसा, हा रस्ता आता इथल्या घरांना नवा राहिलेला नाही.

लग्नाचं गणितही ठरलेलं असतं. मुलगा डिसेंबरात तीन-चार आठवड्यांची सुट्टी काढून येतो, लग्न होतं, सत्यनारायण होतो आणि तो परत जातो. नवरी मागे राहते. लग्नाचं प्रमाणपत्र, पासपोर्ट, मुंबईच्या अमेरिकन वकिलातीची तारीख, हे सगळं झालं की काही महिन्यांनी एच-४ व्हिसावर ती निघते. काही घरांत उलटंही असतं, बायको एच-१बीवर आणि नवरा एच-४वर. नियम दोघांनाही सारखेच.

या धावपळीत दागिने, कपडे, मसाले, लोणची सगळ्यांची यादी होते. आरोग्य विम्याची मात्र होत नाही. 'कंपनीचा इन्शुरन्स आहे की' एवढ्यावर विषय संपतो. प्रत्यक्षात कंपनीच्या विम्यात जोडीदाराचं नाव आपोआप चढत नाही. ते चढवावं लागतं आणि त्यासाठी मुदत असते. ही मुदत लातूरमध्ये लग्नाच्या दिवशीच सुरू झालेली असू शकते.

इथला विमा तिथे चालतो का?

नाही.

महाराष्ट्रात सरकारी आरोग्य योजनेची सवय लोकांना आहे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात नांदेड होतं. हीच योजना २०१७ पासून महात्मा फुले यांच्या नावाने ओळखली जाते आणि आता तिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. पण ते योजनेत नोंदलेल्या रुग्णालयांपुरतं. आयुष्मान भारतही भारतापुरतीच.

खासगी मेडिक्लेमचंही साधारण तसंच. बहुतेक पॉलिसी फक्त भारतातल्या उपचारांसाठी असतात. काही महाग पॉलिसींमध्ये परदेशातल्या उपचारांची सोय असते, पण त्यातही अटी असतात. त्यामुळे आई-वडिलांच्या पॉलिसीत नाव आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

अमेरिकेत विमा मिळतो कुठून?

काम करणाऱ्या वयातल्या बहुतेक लोकांचा विमा तिथे नोकरीतून येतो. कंपनी एखाद्या विमा कंपनीशी करार करते, हप्त्याचा काही भाग स्वतः भरते आणि उरलेला कर्मचाऱ्याच्या पगारातून कापते. एच-१बीवरच्या कर्मचाऱ्याला अमेरिकन कर्मचाऱ्याइतक्याच सोयी त्याच अटींवर द्याव्यात, असा कायदा आहे. म्हणजे तो कन्सल्टन्सीत असला, तरी 'तू व्हिसावर आहेस म्हणून तुला विमा नाही' असं कंपनी म्हणू शकत नाही.

पण जोडीदाराचं काय? २०१० च्या अफोर्डेबल केअर ॲक्टनुसार, ज्याला बोलीभाषेत ओबामाकेअर म्हणतात, ५० किंवा त्याहून जास्त पूर्णवेळ कर्मचारी असलेल्या कंपन्यांनी कर्मचाऱ्याला आणि त्याच्या २६ वर्षांखालच्या मुलांना विमा देऊ करायचा असतो, नाहीतर दंड बसू शकतो. या यादीत नवरा किंवा बायको नाही. बऱ्याच कंपन्या जोडीदारालाही घेतात, पण तो कंपनीचा निर्णय असतो. शिवाय कंपनी कर्मचाऱ्याच्या हप्त्याचा मोठा वाटा उचलते आणि जोडीदाराच्या हप्त्याचा कमी, असंही सर्रास दिसतं.

म्हणून पहिले दोन प्रश्न साधे आहेत. कंपनी जोडीदाराला विमा देते का? आणि नाव वाढवल्यावर पगारातून महिन्याला किती जास्त कापले जातील?

३० दिवसांची मुदत म्हणजे काय?

तिथल्या कंपन्यांमध्ये विमा निवडण्याचा काळ वर्षातून एकदाच येतो, बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. त्याला ओपन एन्रोलमेंट म्हणतात. तेव्हा केलेली निवड बहुतेक ठिकाणी १ जानेवारीपासून लागू होते. वर्षाच्या मध्ये बदल करायचा तर आयुष्यात काहीतरी घडलेलं असावं लागतं. लग्न, बाळाचा जन्म, आधीचा विमा जाणं वगैरे.

१९९६ च्या हिपा कायद्याने या घटनांसाठी कर्मचाऱ्याला किमान ३० दिवस दिले आहेत. जोडीदारांना घेणाऱ्या कंपनीत, लग्नानंतर ३० दिवसांत अर्ज केला तर नाव घ्यावंच लागतं आणि विमा उशिरात उशिरा पुढच्या महिन्याच्या १ तारखेला सुरू होतो. काही कंपन्या ६० दिवसही देतात, पण तसं गृहीत धरू नका.

आता एक उदाहरण घेऊ. समजा उदगीरच्या मुलीचं लग्न १२ डिसेंबरला झालं. नवरा डलासला नोकरीला आहे. तो ५ जानेवारीला परत गेला आणि कामाला लागला. व्हिसा मार्चमध्ये आला आणि ती २० एप्रिलला पोहोचली. 'ती आली की नाव घालू' असं त्याच्या डोक्यात होतं. पण लग्नाचे ३० दिवस ११ जानेवारीलाच संपले.

मग 'बायको अमेरिकेत आली' ही नवी घटना धरली जाणार नाही का? काही कंपन्या धरतात आणि पोहोचल्यापासून ३० दिवसांत नाव घेतात. काही धरत नाहीत. हे कंपनीच्या योजनेत काय लिहिलंय त्यावर आहे. धरलं नाही, तर त्या मुलीला कंपनीचा विमा थेट पुढच्या १ जानेवारीला मिळणार. म्हणजे आठ महिन्यांहून जास्त काळ ती उघड्यावर.

यावर उपाय एकच. लग्नाची तारीख ठरली की मुलाने एचआरला ईमेलने विचारायचं: 'माझं लग्न अमुक तारखेला भारतात आहे. बायको काही महिन्यांनी येईल. तिचं नाव कधी घालू?' उत्तर लेखी घ्यायचं. लग्नानंतर लगेच घाला असं ते म्हणाले, तर ती लातूरमध्ये असतानाही घालायचं. वापर नसताना काही महिन्यांचा हप्ता जाईल, पण जागा पक्की होईल.

यासाठी लग्नाचं प्रमाणपत्र लागतं. ते महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीतून मिळतं. व्हिसासाठी ते काढायचंच असतं, तर लग्नाच्या त्याच आठवड्यात काढा. पासपोर्ट, प्रमाणपत्र आणि विम्याचा अर्ज या तिन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच ठेवा.

सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर?

एच-४ वर आलेल्या व्यक्तीला काम करायची परवानगी नसेल, तर हा नंबर मिळत नाही. अर्जात मात्र त्याचा रकाना असतो आणि तिथेच अनेक जण अडकतात.

विमा मिळण्यासाठी हा नंबर असलाच पाहिजे असं नाही. ऑनलाइन फॉर्म पुढे जात नसेल, तर एचआरला सांगून नंबराशिवाय नोंद करून घ्यायची. पुढे नवरा-बायको मिळून टॅक्स रिटर्न भरतात, तेव्हा आयटीआयएन नावाचा कराचा नंबर काढता येतो. तो आल्यावर विमा कंपनीला कळवता येतो.

मुदत हुकली तर?

दुसरा रस्ता सरकारी मार्केटप्लेसचा. तिथे वेगवेगळ्या खासगी कंपन्यांचे विमे तुलना करून विकत घेता येतात. टेक्सासमध्ये हे केंद्राच्या हेल्थकेअर डॉट गव्ह या साइटवर होतं. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी अशा राज्यांच्या स्वतःच्या साइट आहेत. एच-४ धारक कायदेशीर रहिवासी धरले जातात, त्यामुळे त्यांना हा विमा घेता येतो.

इथेही ओपन एन्रोलमेंट असते, ती १ नोव्हेंबरला सुरू होते. पण परदेशातून नव्याने राहायला आलेल्यांना आल्यापासून ६० दिवसांची खास मुदत मिळते. आपल्या उदाहरणातल्या मुलीसाठी ती १९ जूनपर्यंत. विमा साधारणपणे पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून लागू होतो, म्हणून ६० व्या दिवसाची वाट बघू नका.

हप्त्यातल्या सरकारी सवलतीबाबत मात्र सावध राहा. नवऱ्याच्या कंपनीने बायकोलाही परवडणारा विमा देऊ केलेला असेल, तर तो घेतला नाही तरी सवलत मिळत नाही. शिवाय जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्यानुसार १ जानेवारी २०२७ पासून ही सवलत बऱ्याचशा व्हिसाधारकांसाठी बंद होते आहे, त्यात एच-१बी आणि एच-४ येतात. विमा विकत घेता येईल, पण पूर्ण हप्ता भरून.

विमा नसल्याबद्दलचा केंद्राचा दंड २०१९ पासून शून्य आहे. पण कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स अशा काही राज्यांत राज्याचा वेगळा दंड लागू शकतो.

ट्रॅव्हल इन्शुरन्स पुरेसा आहे का?

तात्पुरता उपयोगी, कायमचा नाही. विमानात बसल्यापासून खरा विमा सुरू होईपर्यंतचे दिवस भरून काढायला तो घ्यावा. पण त्याच्या मर्यादा माहीत हव्यात.

हा विमा अचानक आलेलं आजारपण आणि अपघातासाठी असतो. आधीपासून असलेले आजार, गरोदरपण, नेहमीच्या तपासण्या यात बहुधा बसत नाहीत. थायरॉइड, दमा, मधुमेह असं काही असेल तर पॉलिसीतला तो परिच्छेद नीट वाचा.

स्वस्त पॉलिसींमध्ये आणखी एक मेख असते. त्या प्रत्येक उपचारासाठी ठरावीक रक्कमच देतात आणि उरलेलं बिल तुमचं. 'एक लाख डॉलरचं कव्हर' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, पण आत खोलीच्या एका दिवसाला किती, ऑपरेशनला किती, याची छोटी यादी असते. एकूण रकमेपेक्षा ती यादी महत्त्वाची.

याउलट नोकरीतल्या आणि मार्केटप्लेसच्या विम्यात २०१४ पासून जुन्या आजाराचं कारण देऊन नकार देता येत नाही. म्हणूनच ट्रॅव्हल इन्शुरन्सच्या भरवशावर ३० किंवा ६० दिवसांची मुदत घालवणं महागात पडतं.

विमा आहे, तरी बिल का येतं?

लातूरमध्ये डॉक्टरकडे गेलं की फी द्यायची, औषध घ्यायचं, विषय संपला. तिथे बिल काही आठवड्यांनी घरी येतं आणि विमा असूनही काही रक्कम भरावी लागते. चार शब्द कळले की बिल वाचता येतं.

प्रीमियम म्हणजे दर महिन्याचा हप्ता. डिडक्टिबल म्हणजे वर्षात आधी तुम्ही स्वतः भरायची रक्कम. कोइन्शुरन्स म्हणजे त्यानंतरच्या खर्चातला तुमचा टक्का. आउट ऑफ पॉकेट मॅक्सिमम म्हणजे वर्षातली तुमच्या खिशाची कमाल मर्यादा. २०२६ साठी कायद्याने ही मर्यादा एका व्यक्तीला जास्तीत जास्त १०,६०० डॉलर आणि कुटुंबाला २१,२०० डॉलर ठेवली आहे. कंपनीची मर्यादा याहून कमी असू शकते.

समजा डिडक्टिबल २,००० डॉलर, कोइन्शुरन्स २० टक्के आणि कमाल मर्यादा ६,००० डॉलर आहे. ॲपेंडिक्सच्या ऑपरेशनचं मान्य बिल १५,००० डॉलर झालं. तर आधीचे २,००० तुमचे. उरलेल्या १३,००० चे २० टक्के म्हणजे २,६००. एकूण ४,६०० डॉलर तुम्ही भरायचे, बाकीचे विमा कंपनी.

हे गणित नेटवर्कमधल्या डॉक्टरचं आहे. विमा कंपनीच्या यादीत नसलेल्या डॉक्टरकडे गेलात, तर ही मर्यादा लागू होईलच असं नाही. तातडीच्या उपचारांत मात्र १ जानेवारी २०२२ पासून नो सर्प्रायझेस ॲक्टचं संरक्षण आहे. रुग्णालय यादीत नसलं तरी इमर्जन्सीत नेटवर्कच्या हिशोबानेच तुमचा वाटा धरला जातो. रस्त्यावरून धावणारी ॲम्ब्युलन्स या कायद्यात येत नाही, तिचं बिल वेगळं येऊ शकतं.

एक चांगली गोष्ट अशी की वार्षिक तपासणी, ठरलेल्या लसी, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी अशा प्रतिबंधक सेवा नेटवर्कमध्ये बहुतेक विम्यांत वेगळे पैसे न देता मिळतात. इंग्रजीची भीती वाटत असेल, तर केंद्राचा निधी घेणाऱ्या रुग्णालयांना दुभाषी मोफत द्यावा लागतो. अपॉइंटमेंट घेतानाच 'मराठी' असं सांगा. फोनवर दुभाषी जोडून देतात.

गरोदर असताना गेलं तर?

नोकरीतला किंवा मार्केटप्लेसचा विमा 'आधीच गरोदर आहे' म्हणून नाकारता येत नाही. त्यामुळे मुदतीत नाव चढलं असेल तर काळजी नाही. विमा नसताना बाळंतपण झालं, तर त्याचं बिल हजारो डॉलरमध्ये जातं आणि हीच बऱ्याच घरांची सगळ्यात मोठी जोखीम असते.

बाळ झाल्यावर पुन्हा ३० दिवस मोजायचे. या मुदतीत कंपनीच्या विम्यात बाळाचं नाव घातलं, तर विमा जन्माच्या दिवसापासून धरला जातो. जन्माचा दाखला यायची वाट न बघता एचआरला कळवा.

ग्रीन कार्डवर किंवा विद्यार्थ्याच्या व्हिसावर जाणाऱ्यांचं काय?

ग्रीन कार्डवर जाणाऱ्या जोडीदारालाही नोकरीचा किंवा मार्केटप्लेसचा विमा घेता येतो. गरिबांसाठीच्या मेडिकेडसाठी मात्र १९९६ च्या कायद्यानुसार बहुतेकांना पाच वर्षं थांबावं लागतं. २०१९ मध्ये ट्रम्प सरकारने स्थलांतरित व्हिसावर येणाऱ्यांना ३० दिवसांत विमा घेण्याची अट घातली होती. न्यायालयाने ती लागू होण्याआधीच रोखली आणि मे २०२१ मध्ये बायडन यांनी ती मागे घेतली. जुने व्हिडिओ बघून गोंधळू नका.

जे-१ वर संशोधनासाठी गेलेल्याच्या जोडीदाराला, म्हणजे जे-२ ला, विमा सक्तीचा आहे. किमान १ लाख डॉलरचं संरक्षण आणि डिडक्टिबल ५०० डॉलरपेक्षा जास्त नको, अशी अट आहे. एफ-१ विद्यार्थ्याच्या जोडीदारासाठी विद्यापीठाचा विमा मिळतो का, हे विद्यापीठागणिक बदलतं.

नोकरी गेली किंवा संसार मोडला तर?

एच-१बीवाल्याची नोकरी गेली, तर त्याला नवी नोकरी शोधायला किंवा दुसरी सोय करायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. विमा मात्र त्याआधीच संपू शकतो, कधी त्याच दिवशी, कधी महिनाअखेरीस. २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीत कोब्रा नावाच्या कायद्याखाली तोच विमा १८ महिन्यांपर्यंत चालू ठेवता येतो. पण कंपनीचा वाटाही आपणच भरायचा, वर २ टक्के.

दुसरी गोष्ट घरात बोलली जात नाही, पण माहीत असावी. घटस्फोट किंवा नवऱ्याचा मृत्यू झाला, तर कोब्राखाली जोडीदाराला ३६ महिन्यांपर्यंत विमा ठेवता येतो. घटस्फोटाच्या बाबतीत ६० दिवसांत कळवावं लागतं. घटस्फोटानंतर एच-४ चा आधार मात्र जातो, त्यासाठी इमिग्रेशन वकिलाचा सल्ला वेगळा घ्यायला हवा.

आणखी एक. डॉक्टर साधारणपणे तुमच्या संमतीशिवाय तुमची माहिती नवऱ्याला सांगत नाहीत. पण विमा कंपनीकडून येणारं खर्चाचं पत्रक बहुधा मुख्य विमाधारकाच्या नावाने जातं. घरात त्रास असेल आणि हे पत्रक दुसऱ्याच्या हाती पडणं धोक्याचं असेल, तर ते वेगळ्या पत्त्यावर किंवा ईमेलवर पाठवा, अशी विनंती विमा कंपनीला करता येते आणि कंपनीला ती मान्य करावी लागते.

विमा नाही आणि अचानक काही झालं तर?

९११ ला फोन करा, रुग्णालयात जा. १९८६ च्या कायद्यानुसार इमर्जन्सी विभागाला तपासणी करून प्रकृती स्थिर करावीच लागते, पैसे असोत वा नसोत. बिल नंतर येतं. ते आलं की घाबरून क्रेडिट कार्डवर भरून टाकू नका. आधी बिलाचा सविस्तर तपशील मागा. ना-नफा रुग्णालयांना आर्थिक मदतीचं धोरण ठेवणं बंधनकारक आहे, त्याचा अर्ज मागा. हप्तेही पाडून मिळतात. साध्या आजारांसाठी उत्पन्नानुसार फी घेणारी सामुदायिक आरोग्य केंद्रं आहेत.

निघण्याआधी एवढं करा

• लग्नाआधीच एचआरकडून लेखी उत्तर: जोडीदाराला विमा मिळतो का, मुदत किती, कोणत्या तारखेपासून मोजणार.

• लग्नाचं प्रमाणपत्र लगेच. ते फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर.

• पोहोचल्याची तारीख दाखवणारा आय-९४ डाउनलोड करून ठेवा.

• दातांचं काम आणि चष्मा इथेच उरका. तिथे मोठ्यांच्या दातांचा आणि डोळ्यांचा विमा बहुधा वेगळा घ्यावा लागतो.

• चालू औषधं तीन महिन्यांपर्यंतची, मूळ पाकिटात, डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसह. चिठ्ठीत औषधाचं मूळ नाव हवं, फक्त ब्रँड नको.

• लसीकरणाच्या नोंदी आणि जुने रिपोर्ट फोनमध्ये स्कॅन करून.

• पोहोचल्यावर विम्याच्या कार्डावर स्वतःचं नाव आहे का ते बघा. कार्डाचा फोटो आणि ॲपचं लॉगिन स्वतःच्या फोनमध्ये ठेवा.

यातली शेवटची गोष्ट छोटी वाटेल. पण नवरा ऑफिसात असताना पोटात कळ आली आणि क्लिनिकच्या खिडकीवर मेंबर नंबर विचारला, तर तो तुम्हाला माहीत असायला हवा.